नायकाविना तांडा

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवीस, जेथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे आणि जिला बंजारा समाज आपली काशी मानतो तेथे, रामनवमीच्या यात्रेसाठी महाराष्ट्र, तेलंगण, कर्नाटक, आंध्र अशा चहूं मुलखांतून माणसे लोटतात. सरकारदप्तरी यांची ओळखही एक नाही. महाराष्ट्रात विमुक्त जाती, कर्नाटकात अनुसूचित जाती, तेलंगणात अनुसूचित जमाती. परंतु त्यांना परस्परांशी बोलण्यास दुभाष्या लागत नाही, कारण गोरबोली सर्वांची आहे.

या ऐक्याचे मूळ कोणत्याही एका गावात नसून चालत्या तांड्यात आहे. किनाऱ्यावरचे मीठ देशावर आणि गावोगावचे धान्य लष्कराच्या छावण्यांत बैलांच्या पाठीवरून पोहोचविणाऱ्या या लोकांनी, पत्त्याविना समाज चालविण्याची एक वहिवाटच सिद्ध केली होती : तांड्याचा नायक, त्याच्या जोडीला कारभारी, तंटे निवडणारी नसाब आणि वंशावळी मुखोद्गत राखणारे भाट. ज्या बोलीस स्वतःची लिपी नव्हती, तीत उच्चारलेला शब्द हाच दस्तऐवज होता, आणि उच्चारणारा मनुष्य हाच त्याचा जामीन.

पुढे 1867 मध्ये लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोहोचला आणि बैलांच्या पाठी रिकाम्या झाल्या. 1871 च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने तर भटकणे हेच संशयास्पद ठरविले. तो कायदा 1952 मध्ये रद्द होईतो बहुतेक तांडे स्थिरावले होते. परंतु पोटासाठी ऊसतोडीला आणि पुण्यामुंबईच्या बांधकामांवर जाणारी माणसे पुन्हा पांगलीच.

या पांगलेल्यांच्या हाती जेव्हा व्हॉट्सॲप, फेसबुक आणि यूट्यूब आले, तेव्हा त्यांना ती साधने फारशी परकी वाटली नसावीत. कारण लिहिण्याचा खटाटोप न करता आवाजी निरोप धाडण्याची सोय म्हणजे मौखिक परंपरेस मिळालेले नवे वाहनच होय. ‘जय सेवालाल’ म्हणून सुरू होणारा निरोप, सोयरिकीची चौकशी, लेंगीचे गाणे हे सारे राज्यांच्या सीमा न विचारता फिरू लागले, आणि जी भाषा कोणी देवनागरीत, कोणी तेलुगू लिपीत, कोणी कन्नड लिपीत लिहीत होते, ती ऐकताना पुन्हा एक झाली.

मात्र याच साधनाची दुसरी बाजू भटक्यांच्याच रक्ताने लिहिली गेली. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, मंगळवेढ्याकडील नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. दीडशे वर्षांपूर्वीचा तोच संशय आता मोबाइलवरून फिरत होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडण्याची मर्यादा घातली. तांड्यातील खोट्या बातमीदारास नसाबीपुढे उभे राहावे लागे. समूहाला ‘ॲडमिन’ असतो, पण नायक नसतो. निरोप पाचांपुरता आवरणे यंत्रास साधले. निरोप्यास पंचांपुढे आणणे ही गोष्ट मात्र यंत्राच्या आवाक्यातली नव्हे.