आयुक्ताच्या नजरेतून मुंबई

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (1861-65) मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला आणि त्यांची मागणी भारतीय कापसाकडे वळली, तेव्हा मुंबईत पैशाचा आणि त्यामागोमाग माणसांचा लोंढा आला. 1864 च्या शिरगणतीत, म्हणजे लोकसंख्येच्या मोजणीत, 8,16,562 रहिवासी नोंदले गेले; युद्ध संपून त्या पैशावर फोफावलेला सट्टा कोसळल्यानंतर, 1872 साली, हा आकडा 6,44,405 वर आला होता. फुगणाऱ्या आणि ओसरणाऱ्या या शहराचा कारभार 1865 च्या कायद्याने ‘जस्टिस ऑफ द पीस’ या सरकारनियुक्त प्रतिष्ठितांच्या मंडळाकडे सोपवला, मात्र अंमलबजावणीचे अधिकार एकट्या आयुक्ताच्या हाती ठेवले. पहिले आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या दृष्टीने शहर म्हणजे मुख्यतः मैला, पाणी, रस्ते आणि बाजार यांचा प्रश्न होता, आणि ही दृष्टी, तिच्यातील एकांगीपणा मान्य करूनही, त्या काळी आवश्यकच होती. गटारे, सफाई आणि आज महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाणारी क्रॉफर्ड मार्केटची इमारत ही त्या धडाक्याची फळे होत. तथापि खर्च उत्पन्नाला न जुमानता वाढत गेला आणि 1871 मध्ये करदात्यांचा क्षोभ उसळला. तरुण बॅरिस्टर फिरोजशहा मेहतांनी त्या वेळी दोष व्यक्तीपेक्षा कारभाराच्या घटनेत शोधला आणि करदात्यांनी निवडलेल्या सभागृहाची मागणी केली. 1872 च्या कायद्याने 64 सदस्यांची महानगरपालिका स्थापन होऊन निम्म्या जागा करदात्यांच्या मतावर सोपवण्यात आल्या. कर न भरणारा गिरणी कामगार मात्र बाहेरच राहिला.