एसीपी प्रद्युम्नचा पडद्यावरचा मृत्यू

‘सीआयडी’ या हिंदी मालिकेतले एसीपी प्रद्युम्न एप्रिल 2025 मध्ये एका बॉम्बस्फोटात मारले गेल्याचे दाखवण्यात आले. सूत्रधार होता बार्बोसा हा खलनायक; ही भूमिका दिग्दर्शक तिग्मांशू धुलिया यांनी केली. सोनी वाहिनीने 1998 ते 2025 अशी सनावळी घालून पात्राला श्रद्धांजलीही वाहिली. प्रेक्षकांपैकी काही हळहळले, काही चिडले आणि बऱ्याच जणांनी ही टीआरपीची युक्ती असल्याचे सांगून टाकले.

हा अविश्वास मालिकेच्या घडणीतच आहे. ‘सीआयडी’चे निर्माते बी. पी. सिंग यांनी त्याआधी मराठीत ‘एक शून्य शून्य’ ही पोलिसी मालिका केली होती. तिचे नाव पोलिसांच्या 100 या दूरध्वनी क्रमांकावरून आलेले, आणि पुढे प्रद्युम्न झालेले शिवाजी साटम तिच्यातही होते. ‘सीआयडी’ जानेवारी 1998 मध्ये सुरू झाली. सुरुवातीच्या काळात आशुतोष गोवारीकर त्यात इन्स्पेक्टर वीरेंद्र होते. ते गेले, पुढेही अनेक जण आले आणि गेले. एसीपी आणि त्यांचे सहकारी दया व अभिजीत मात्र राहिले. खून, डॉ. साळुंखेंची प्रयोगशाळा, दयाने तोडलेला दरवाजा आणि शेवटी कबुली हा क्रम ठरलेला असे. बहुतेक गुन्हे एकदोन भागांत निकालात निघत. वर्षानुवर्षे ताणलेले रहस्य नसल्यामुळे प्रेक्षक खुनी कोण यापेक्षा या माणसांना भेटायलाच बसत. गुन्हेगार झालेल्या नकुल या स्वतःच्या मुलावर एसीपी गोळी झाडतात, तो प्रसंग म्हणूनच इतका लक्षात राहिला.

27 ऑक्टोबर 2018 रोजी 1547 भागांनंतर मालिका थांबली. वाहिनीने याला शेवट न म्हणता विश्रांती म्हटले. वीस वर्षांच्या सवयीला असा अचानक खंड पडल्यावर चाहत्यांनी समाजमाध्यमांवर निषेध केला आणि मालिका परत आणण्याची मागणी पुढेही चालू ठेवली. 21 डिसेंबर 2024 रोजी ती परतली, पण त्याआधी मालिकेतल्या फ्रेडरिक्सची भूमिका करणारे दिनेश फडणीस डिसेंबर 2023 मध्ये निवर्तले होते. त्यांच्यासाठी प्रेक्षकांनी केलेला शोक खरा होता. कथेतल्या मृत्यूला ते वजन येणे अवघडच. त्यात नव्या पर्वाच्या जाहिरातीतच अभिजीत दयावर गोळी झाडताना दिसला होता, आणि दोघेही पुढे कामावर हजर! अशा धक्क्यांची सवय प्रेक्षकांना वाहिनीनेच लावली होती.

पोलिसी कथांत मेलेला माणूस परतण्याची परंपरा जुनी आहे. 1950 च्या ‘द ब्लू लॅम्प’ या ब्रिटिश चित्रपटात जॉर्ज डिक्सन हा साधा शिपाई गोळीला बळी पडतो. बीबीसीने 1955 मध्ये त्याला बिनदिक्कत जिवंत करून ‘डिक्सन ऑफ डॉक ग्रीन’ ही मालिका सुरू केली. जॅक वॉर्नर यांनी ही भूमिका 1976 पर्यंत केली. तेव्हा ते ऐंशी वर्षांचे होते. निवृत्तीचे वय केव्हाच उलटलेला पोलीस प्रेक्षकांनी चालवून घेतला.

साटमांच्या बाबतीतही वय आड आले नाही. एप्रिल 2025 मध्ये त्यांनी पंच्याहत्तरी गाठली, तरी प्रेक्षकांना एसीपीच्या खुर्चीवर दुसरा कोणी नको होता. पार्थ समथान यांचा एसीपी आयुष्मान आला, त्याला अभिनयाबद्दलच्या टीकेपेक्षा प्रद्युम्नची जागा घेतल्याबद्दलची नाराजीच अधिक सोसावी लागली. त्या भूमिकेवर हा अन्यायच होता, कारण नव्या अधिकाऱ्याला ओळख करून द्यायलाही पुरेसा वेळ मिळाला नाही. काही आठवड्यांतच प्रद्युम्न जिवंत असल्याचे कथानकात उघड झाले आणि साटम पुन्हा मालिकेत दिसू लागले. परतीचे स्वागत झाले. मात्र मृत्यूच्या वेळी मनापासून हळहळलेल्या प्रेक्षकांना आपली फसवणूक झाल्यासारखे वाटले असेल, तर त्यांनाही दोष देता येत नाही.