आठ मार्च : शुभेच्छांमागील इतिहास



दुबईतील जुमेरा लेक टॉवर्स म्हणजे कृत्रिम तळ्यांकाठी उभी राहिलेली उंच उंच इमारतींची वसाहत होय. मुक्त व्यापारक्षेत्र असल्याने देशोदेशींची माणसे तेथे उदरनिर्वाहासाठी येतात. त्यांत आपल्या महाराष्ट्राच्या लेकीसुनाही आहेत. त्या देशाने आपल्या नागरिक स्त्रियांच्या गौरवासाठी २०१५ पासून २८ ऑगस्ट हा दिवस मुक्रर केला. तथापि नाना देशींच्या स्त्रियांना समाईक असा दिवस ८ मार्च हाच होय. त्या दिवशी मायलेकींच्या शुभेच्छा समुद्र ओलांडून जातात. त्या जरूर जाव्यात. परंतु त्यांच्यामागे केवढा झगडा आहे, हे मुलींना ठाऊक असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

१९१० साली कोपनहेगन येथील परिषदेत क्लारा झेटकिन यांनी अशा वार्षिक दिनाची सूचना मांडली. १९११ च्या १९ मार्चला जर्मनी, ऑस्ट्रिया, डेन्मार्क व स्वित्झर्लंड या देशांत तो प्रथम पाळला गेला. १९१७ च्या ८ मार्च रोजी पेट्रोग्राडच्या कापड गिरण्यांतील स्त्रिया भाकरीसाठी रस्त्यावर आल्या आणि ती तारीख कायम झाली. संयुक्त राष्ट्रसंघाने १९७५ हे महिला वर्ष म्हणून साजरे केले व १९७७ साली या दिनास मान्यता दिली.

आता आपल्या भूमीकडे वळू. २६ मार्च १९७२ रोजी तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे, फिर्यादीच्या निमित्ताने पोलीस ठाण्यात गेलेल्या एका आदिवासी मुलीवर तेथेच अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने दोघा पोलिसांना निर्दोष ठरविले. उच्च न्यायालयाने शिक्षा दिली. आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराची खूण नाही, यावरून तिची संमती गृहीत धरली गेली. ठाण्याच्या चार भिंतींत, वर्दीपुढे, एका निराधार पोरीने प्रतिकार तो किती करावा?

हाच प्रश्न उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धगमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्रात विचारला. भयाने गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, हे त्यांचे सांगणे. त्या पत्राने स्त्रिया जाग्या झाल्या. मुंबईत बलात्कारविरोधी मंच स्थापन झाला आणि ८ मार्च १९८० रोजी मुंबईसह अनेक शहरांत स्त्रियांनी मोर्चे काढून खटल्याच्या फेरविचाराची मागणी केली.

तो निकाल मात्र फिरला नाही. त्या मुलीला न्याय मिळाला नाही, हे दुःखाने नमूद केले पाहिजे. परंतु १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतील अत्याचारास अधिक कडक शिक्षा आली. अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला व स्त्रीने आपली संमती नव्हती असे न्यायालयात सांगितले, तर तिचे म्हणणे खरे मानून चालावे, असे ठरले. पीडितेचे नाव प्रसिद्ध करण्यासही त्याच कायद्याने बंदी घातली. म्हणून येथेही तिचे नाव लिहिलेले नाही.

पुढच्या ८ मार्चला दूरदेशी असलेल्या लेकीला शुभेच्छा धाडताना देसाईगंजच्या त्या अनाम मुलीची कथाही तिला सांगावी. जो आधार तिला लाभला नाही, तो तिच्यामुळेच आज इतरांच्या लेकींना लाभला आहे. हे ऋण विसरणे आपणांस शोभणार नाही.