तळटीप : ‘डच चित्रासारखा निवांत’ काठ

कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याखालच्या उल्हास नदीच्या काठाला लेखकाने ‘डच चित्रासारखा निवांत’ म्हटले आहे. अशा चित्रांतली शांतता बरीचशी चित्रकाराच्या निवडीतून येते, असे आमचे मत आहे. डच चित्रकार क्लास यान्स फिस्हरने 1611-12च्या सुमारास हार्लेम परिसराची छोटी कोरीव चित्रे छापली. एकात वाळूच्या टेकड्यांपाशी उन्हात पसरलेले कापड दिसते, एकात क्लेफची पडकी गढी. हार्लेमच्या 1572-73च्या वेढ्यात स्पॅनिश सेनापतीचा तळ याच गढीत होता. फिस्हरने मात्र ती फेरफटक्याची रम्य जागा म्हणून दाखवली. स्पेनशी झालेल्या 1609च्या युद्धविरामाने तेव्हा लढाई थांबली होती. चित्रकार समोर दिसले तेच काढत होता, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. पण काय घ्यायचे, काय गाळायचे हेही त्यानेच ठरवले. कल्याणचा काठही असाच पारखून पाहावा. शिवकाळात कल्याण-भिवंडीच्या खाडीत आरमाराची जहाजे बांधली गेली. पुढे खाडीवरचा ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी डिसेंबर 1774मध्ये मराठ्यांकडून लढून घेतला. तेव्हा लेखकाचे हे विशेषण वाचकांनी त्या काळच्या कल्याणचा पुरावा मानू नये.