रुपयांचा चषक

विजेता मैदानावर ठरतो, असा आपला समज असतो. कलकत्ता चषकाचा इतिहास पाहता आम्हांस वाटते की, तो आधी नियमांच्या कागदावर ठरतो.

१८७३ साली कलकत्त्यातील ब्रिटिश रहिवाशांनी रग्बीसाठी क्लब काढला. पुढे सभासद घटले आणि क्लब मोडीत निघाला. बँकेतील शिल्लक चांदीच्या रुपयांत काढून ते वितळविण्यात आले व त्यांचा चषक घडविला गेला. त्याच्या तीन मुठी नागांच्या, झाकणावर हत्ती. १८७८ साली तो इंग्लंडच्या रग्बी युनियनला अर्पण झाला.

दात्यांची इच्छा होती की, तो फुटबॉलच्या एफ. ए. चषकाप्रमाणे क्लबांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेस लावावा. युनियनने मात्र तो इंग्लंड-स्कॉटलंड यांच्या वार्षिक सामन्यास ठेवला. १८७९ मध्ये एडिनबरो येथे झालेला पहिलाच सामना बरोबरीत सुटला. त्या काळी निकाल प्रामुख्याने गोलांवर लागे. ‘ट्राय’ हा मुळात गोलाचा प्रयत्न करण्याचा केवळ हक्क होता. गुणांची पद्धत नंतर आली.

आता हा सामना सहा राष्ट्रांच्या स्पर्धेचा भाग आहे. तेथे विजयास ४ व बरोबरीस २ गुण मिळतात. २०१७ पासून चार ट्राय करणाऱ्यास आणि सात वा कमी गुणांनी हरणाऱ्यासही अधिक गुण लाभतो. चषकाचा नियम मात्र निराळा : बरोबरी झाल्यास तो आधीच्या विजेत्याकडेच राहतो. २०१९ साली ३८-३८ अशी बरोबरी होऊनही तो स्कॉटलंडकडेच राहिला, कारण २०१८ चा विजय त्यांचा होता.

चांदी हिंदुस्थानच्या रुपयांची, इच्छा दात्यांची. निर्णय मात्र नियम करणाऱ्यांचा. दानपत्रात अट न घातल्यास दात्याची केवळ इच्छाच उरते, एवढा बोध आम्ही यातून घेतला.