रझाकाराची भीती

उर्दूच्या वर्गात एकदा 'रझाकार' हा शब्द आला. पूरग्रस्तांच्या मदतीला धावून जाणारे स्वयंसेवक, एवढाच त्या धड्यात त्याचा अर्थ होता. 'रझा' म्हणजे मर्जी. आपल्या मर्जीने काम करतो तो रझाकार. पण नांदेड-लातूरकडे हा शब्द इतक्या सहजपणे उच्चारता येत नाही. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, ते रझाकार आपलेच होते का?" मी "होते" म्हणालो. तास संपला, प्रश्न संपला नाही.

लातूरला वकिली करणारे कासिम रझवी १९४६ च्या अखेरीस इत्तेहादुल मुसलमीनचे अध्यक्ष झाले. दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा फडकवण्याची भाषा ते करू लागले. खेड्यापाड्यांतली पोरे त्या भाषणांनी भारावून रझाकार झाली. काहींच्या हाती बंदुका होत्या, पुष्कळांकडे ठासणीची हत्यारे, भाले नि तलवारी. या हत्यारांनी त्यांनी आपल्याच शेजाऱ्यांवर जुलूम केले; लूट, जाळपोळ, खून केले. बीदर जिल्ह्यातल्या गोरटा गावी मे १९४८ मध्ये झालेले हत्याकांड विसरता येत नाही. विरोधात लिहिणारे 'इमरोझ'चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचाही ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत खून झाला. म्हणजे मुसलमानालाही असहमतीची मुभा नव्हती.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गमार्गे आत आल्या. १७ तारखेला निजामाने युद्धबंदी जाहीर केली, १८ ला त्यांच्या सैन्याने शरणागती पत्करली. निःशस्त्र माणसांपुढे शूर झालेल्या अठरा वर्षांच्या पोराने समोरून येणारे रणगाडे पाहिले, तेव्हा त्याच्या मनात काय झाले असेल? इथे इतिहासाचे पुस्तक थांबते. पुढचे काम कथा-कादंबरीचे आहे.

इतरत्र हे काम झाले आहे. अमेरिकन लेखक स्टीफन क्रेन यांच्या १८९५ च्या कादंबरीतला हेन्री फ्लेमिंग पराक्रमाची स्वप्ने घेऊन यादवी युद्धात जातो आणि लढाईतून पळ काढतो. जर्मन लेखक रेमार्क यांच्या १९२९ च्या कादंबरीतला पाऊल आपल्या शिक्षकाच्या भाषणांमुळे वर्गमित्रांसह फौजेत दाखल होतो. खंदकात गेल्यावर त्याला कळते की मोठ्यांनी सांगितलेले खरे नव्हते. नाझींनी १९३३ मध्ये हे पुस्तक जाळले, यात नवल नाही.

पण आमचा रझाकार या दोघांपेक्षा लिहायला अवघड आहे. हेन्री पळाला तरी त्याला परतायला पलटण होती. रझाकाराला परतायला गावच उरले नव्हते, कारण गावावर त्यानेच हात उगारला होता. आणि त्याची किंमत ज्यांचा काही गुन्हा नव्हता, त्यांनी मोजली. पंडित सुंदरलाल आणि उर्दू लेखक काझी अब्दुल गफ्फार यांनी १९४८ च्या अखेरीस संस्थानात फिरून अहवाल दिला. पोलीस ॲक्शनच्या काळात आणि नंतर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा त्यांचा अंदाज होता. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड होता, आणि तेव्हा लातूर ज्यात होते तो उस्मानाबादही होता. याच अहवालात आणखी एक नोंद आहे: हिंदू विणकरांनी जिवावर उदार होऊन मुसलमान विणकरांना वाचवले.

रझवी १९५७ मध्ये तुरुंगातून सुटले आणि पाकिस्तानात गेले. त्यांच्या शब्दावर घराबाहेर पडलेली पोरे मात्र इथल्याच मातीत राहिली. त्यांच्याविषयी आपल्या घरांत मौन आहे, आणि बाहेर फक्त शिवी. आपल्या लेखकांनी हा पोरगा लिहावा. त्याचा गुन्हा न लपवता आणि त्याची भीतीही न लपवता.

त्या मुलाचा प्रश्न पुन्हा आला तर मी सांगेन, "होय बेटा, आपलेच होते. त्यांनी केलेला जुलूमही आपल्याच इतिहासात आहे." आणि हे सांगताना रेमार्कचा तो शिक्षक मी विसरणार नाही. मुले आमचे ऐकतात, म्हणून आम्हीच जपून बोलले पाहिजे.