दमन
परळला हाफकिन संस्थेजवळच्या बसथांब्यावर एक मुलगी मैत्रिणीला समजावत होती, "रिप्रेसर प्रथिन डीएनएवर बसलं की जीन गप्प!" मी मनात 'दमनक' असं भाषांतर केलं आणि पंचतंत्रातला कोल्हाच आठवला. संस्कृत 'दम्' म्हणजे माणसाळवणं, काबूत आणणं. 'दम्य' म्हणजे जोखडाची सवय लावायचा गोऱ्हा. इंग्रजी 'टेम' याच कुळातला. ('दम खा'मधला दम फारसी, म्हणजे श्वास, मी वर्षानुवर्षं दोन्ही एकच समजत होते.) पुढे 'दमन'च्या हातात लाठी आली. जाकोब-मोनो या शास्त्रज्ञांनी १९६१मध्ये मांडलेल्या जिवाणूच्या कारभाराला मात्र जुनाच अर्थ शोभतो : दुधातली साखर मिळाली की रिप्रेसर डीएनएवरून उठतो. जीनपासून किती प्रथिनं बनतील या गणितात तो छेदात बसतो. तो वाढला की प्रथिनं घटतात, पण अगदी शून्य होत नाहीत. आज वर्तमानपत्रात दमन होतं ते आंदोलकांचं. प्रयोगशाळेत सगळे 'रिप्रेसर'च म्हणतात.